रुसलेल्या जावयाची चाल

बास्केटबॉलमध्ये मध्यंतर झालं की दोन्ही संघ बाजू बदलतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं असं आता वाटतं. पण जो माणूस कॉलेजचा क्रीडाप्रमुख म्हणून शिट्टी गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसला आहे, त्याला हे सांगावं असं कोणाच्या मनात तरी कसं यावं?

तर मध्यंतर झालं. मी मीठ लावलेली लिंबाची फोड चोखली, पुन्हा खुर्चीत येऊन बसलो, आणि पूर्वार्धात ज्या कड्याकडे बघत होतो त्याच कड्याकडे मोठ्या निष्ठेने बघू लागलो. त्यातून चेंडू खाली पडला की मी उभा राहून टाळ्या वाजवायचो. आजूबाजूचे गप्प होते. मला वाटलं, लोक थकले असतील. शेवटी शेवटी ठेंगूच्या, म्हणजे आमच्या सगळ्यात बुटक्या खेळाडूच्या, हातात चेंडू आला. तो गोंधळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात लांब करून कडं दाखवलं. गुरूची आज्ञा मोडायची नाही असं घरचं वळण असलेला तो पोरगा क्षणभर थबकला, मग वळला, आणि त्याने अत्यंत सुबकपणे चेंडू आमच्याच कड्यात टाकला. तेवढ्याच फरकाने आम्ही हरलो.

मी इतिहास शिकवत होतो. कोणी कधी कोणती बाजू बदलली, हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता.

क्रीडाप्रमुख मी झालो तो उंचीमुळे. साठच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या कॉलेजात मी नुकताच भंडाऱ्याकडून आलो होतो. प्राचार्यांनी स्टाफरूमभर नजर फिरवली, माझ्यापाशी ती वर गेली आणि तिथेच थांबली. प्राचार्य सागरकडचे, हिंदी बोलणारे, आणि कधीही आवाज न चढवणारे. हरलेल्या सामन्यानंतरही त्यांनी आवाज चढवला नाही. "प्रोफेसर साहब, ताली आपने बहुत अच्छी बजाई," एवढंच म्हणाले. मग कोर्टाकडे पाहत त्यांनी पुढचं सांगितलं: कोर्ट झाल्यापासून आपण हरतोच आहोत, जागा मोक्याची आहे, सायकली वाढल्या आहेत. पुढच्या वर्षी एक तरी सामना जिंकला नाही तर इथे सायकल स्टँड होईल. "लड़के कम से कम साइकिल तो सही तरफ़ खड़ी करते हैं."

हे बोलणं ठेंगूने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याचं कारण होतं. ते कोर्ट पोरांनी स्वतः केलं होतं. बैलगाड्यांनी मुरूम आणून, पाणी मारून, धुम्मस करून. त्यात सगळ्यात जास्त खेपा ठेंगूच्या घरच्या गाडीच्या. कडी लावायला जे दोन सागाचे खांब उभे होते, ते त्याच्या बापाच्या गुरांच्या जुन्या कोठ्याचे. वारासिवनीच्या वाटेवर त्यांचं गाव. बाप धानाचा शेतकरी, डोक्याला पांढरं फडकं, बोलणं कमी आणि मोजकं. खांब देताना तो म्हणाला होता, "जोपर्यंत खेळ, तोपर्यंत खांब. खेळ बसला का खांब माह्ये." आता त्याला नवा कोठा बांधायचा होता. बाजाराला आला की तो कॉलेजच्या फाटकाशी थांबून मला नमस्कार करायचा आणि विचारायचा, "काय म्हनते गुर्जी खेळ? हाये का बसला?" त्याच्या स्वरात वाईटपणा नसे. चौकशी असे, आजारी म्हाताऱ्याची करतात तशी.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की पुढचा हिवाळा येईपर्यंत या पोरांना घडवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर मी जबलपूरला एका शिबिराला जाऊन आलो. तिथून येताना मी एक नवी शिट्टी, पायाला एक फोड आणि 'आक्रमणाची योजना' हा शब्दप्रयोग घेऊन आलो. बचाव म्हणजे काय ते त्यांनी दुसऱ्या आठवड्यात शिकवलं. त्या आठवड्यात मी फोडामुळे खाटेवर होतो.

शिबिरात एक गोष्ट माझ्या मनावर बिंबली: संघ सामन्यात घडत नाही, सुट्टीत घडतो. म्हणून सुट्टीसाठी मी प्रत्येकाला काम नेमून दिलं. आमचा सगळ्यात उंच खेळाडू, ज्याला सगळे बांबूच म्हणत, त्याने रोज सकाळी आंब्याच्या फांदीला हात लावायला उड्या मारायच्या. ठेंगूने डाव्या हाताने चेंडू टप्प्याटप्प्याने नाचवत पळायचं. चेंडू एकच होता. तो मी विश्वासाने ठेंगूच्या स्वाधीन केला. त्याने तो खळ्यावर नाचवला. महिन्याभरात त्याचा डावा हात उजव्यासारखा झाला आणि घरची म्हैस बिचकून दूध चोरायला लागली. त्याच्या बापाने तेही मला फाटकाशी येऊन सांगितलं.

बांबूच्या बाबतीत मात्र मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. आमच्याकडे खेळाडूंची सुट्टी आणि लग्नसराई एकाच महिन्यात येतात.

वैशाखात लग्नाची हळद लावलेली चिठ्ठी आली. नवरदेव बांबू, नवरी ठेंगूची बहीण. मला फार आनंद झाला. मी बायकोला म्हणालो, आता संघात एकी वाढेल. ती लांजीची, सात काकांच्या घरातली मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं आणि साडी पेटीतून काढून उन्हात टाकली.

लग्नात बांबू रुसला. रुसायचंच असतं. आमच्याकडे जेवणाच्या पंगतीत नवरदेवाने ताटाला हात न लावता मान वळवून बसायचं, आणि नवरीकडच्यांनी त्याला मनवायचं, ही रीतच आहे. पण बांबूने ती फार मनापासून पाळली. त्याला मनगटी घड्याळ हवं होतं. तो ताटावरून उठून मांडवाच्या कोपऱ्यात गेला आणि हाताची घडी घालून खांबाला टेकून उभा राहिला. मनवायला जाण्याचीही रीत असते. एकट्याने जायचं नाही. एकटा गेला तर जावयाला कमी लेखल्यासारखं होतं. दोघांनी जायचं. ठेंगूचा बाप आणि नवरीचा मामा गेले. बांबूने पहिल्या आग्रहाला मान हलवली, दुसऱ्याला हलवली, तिसऱ्याला तो आला. तीन आग्रहांच्या आत येणारा जावई आमच्या भागात भुकेला समजतात.

मी ते सगळं जाणकाराच्या नजरेने पाहत होतो, कारण मीही लांजीचा जावईच. बायको बायकांच्या पंगतीतून माझ्याकडे पाहत होती. तिला काय आठवत होतं ते मला कळत होतं. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मला चहा बशीविना मिळाला, म्हणून मी सासऱ्यांच्या अंगणात सोडलेल्या बैलगाडीत दुपारभर जाऊन बसलो होतो. गाडीला बैल जुंपलेले नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

धानाच्या रोवण्या आटोपून पोरं परत आली तेव्हा मी सराव सुरू केला. पहिला धक्का बांबूच्या पोटाने दिला. लग्नाआधीची केळवणं आणि लग्नानंतरची बोलावणी यांत तो असा भरला होता, की आंब्याची फांदी आता त्याच्यापासून वीतभर वर गेली होती. तो म्हणाला, "सर, झाड वाढलं ना जी."

तेही चाललं असतं. माझी योजना साधी होती. ती मी घरी जेवायच्या वेळी पाटासमोर पाच वाट्या मांडून आखली होती. ठेंगू चेंडू घेऊन पुढे येणार, दोघे बाजूंना पसरणार, आणि बांबू कड्याखाली उभा. ठेंगूने झटकन चेंडू बांबूला द्यायचा, बांबूने नुसता वर ठेवायचा. बायकोने त्या वेळी बांबू उचलला आणि त्यात वरण वाढलं, तरी माझा योजनेवरचा विश्वास ढळला नाही.

मैदानावर गेल्यावर मात्र 'झटकन' या शब्दाशीच सगळं अडलं. मागच्या वर्षीपर्यंत ठेंगू ओरडायचा, "घे बे!" आणि चेंडू बांबूच्या हातात असायचा. आता बांबू त्याचा भाऊजी होता. ठेंगू धावत यायचा, थांबायचा, दोन्ही हातांत चेंडू धरायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, घ्या जी." तोवर कोणीतरी तो हातातून काढून नेलेला असायचा. कड्यावरून परतलेला चेंडू दोघांच्या मधे पडला तर ठेंगू मागे सरायचा. जावयाच्या पुढ्यातलं कोण ओढून घेणार? आणि बांबूला तिघांनी घेरलेलं असलं तरी चेंडू पहिल्यांदा त्यालाच, कारण पहिला मान त्याचा.

मी म्हटलं, ठेंगूला सोडा, दुसरे देतील. पण उरलेल्या तिघांतले दोघे ठेंगूच्याच गावचे. गावची लेक दिली म्हणजे नवरा साऱ्या गावचा जावई. तेही "भाऊजी, भाऊजी" करत उभे. पाचवा कटंगीकडचा, घरात हिंदी बोलणारा. तो मला एकदा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, ये लोग खेल रहे हैं कि खाना परोस रहे हैं?"

मी ठेंगूला समजावलं. मैदानावर नातं बाजूला ठेवावं लागतं, इथे सगळे सारखे, वगैरे. जबलपूरला ऐकलेलं सगळं सांगितलं. त्याने ते मान खाली घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमचं खरं हाये. पन मैदान संध्याकाळी सुटते, नातं काई सुटत नाई. माही बहीन त्याच्या घरी नांदून राह्यली."

मी शिट्टी वाजवून सराव संपवला.

आणि कोर्ट वाचावं अशी तळमळ सगळ्यात जास्त त्यालाच होती, हे मला दिसत होतं. तो शेवटच्या वर्षाला होता. सराव झाला की बाकीचे नदीवर जायचे आणि हा एकटा पुसट झालेल्या रेषांवर चुना ओढत बसायचा. एकदा मी त्याला म्हणालो, इतकं कशाला, कदाचित पुढच्या वर्षी इथे सायकली असतील. तो म्हणाला, "मंग सायकली तरी सरळ रेघेत लागतीन." असं म्हणून तो हसला, पण चुन्याचा डबा उचलताना त्याने खांबावर एकदा हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

दिवाळीनंतर सामना आला. आमच्याच कोर्टावर, बाहेरच्या मोठ्या गावच्या कॉलेजशी. त्यांच्या पायांत पांढरे शुभ्र बूट होते आणि त्यांचे शिक्षक खुर्चीत न बसता उभे राहून सूचना देत होते. मी या वेळी तयारी केली होती: आमचं कडं पूर्वार्धात कोणतं आणि उत्तरार्धात कोणतं, हे मी सकाळीच बायकोला दोनदा म्हणून दाखवलं होतं.

खेळ सुरू व्हायच्या आधी फाटकातून एक बैलगाडी आत आली. ठेंगूचा बाप. गाडीत सब्बल म्हणजे पहार, दोरखंड आणि खाली अंथरायला तणस. गाडी बाभळीखाली सोडून तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. मी विचारलं, "मामाजी, दोर कशाले?"

"आलोच हाओ तं म्हनलं घेऊन जाऊ," तो म्हणाला. "तेवढ्याचसाठी दुसरी खेप कोन करन?"

ठेंगूनेही गाडी पाहिली होती.

पूर्वार्धात जे व्हायचं ते झालं. समोरच्या शिक्षकांनी थोडा वेळ खेळ बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं, की आमच्याकडे चेंडू कुठूनही निघाला तरी शेवटी त्या लांब पोराकडेच जातो. का जातो ते त्यांना कळायचं कारण नव्हतं. त्यांनी दोन तगडे गडी बांबूच्या अंगाला चिकटवून दिले. "लंबे को मत छोड़ना, वो कहीं भी जाए," असं ते त्यांना बजावताना मी ऐकलं. ठेंगू यायचा, "भाऊजी, घ्या जी" म्हणायचा, आणि त्या दोघांपैकी एकजण घ्यायचा. मध्यंतराला आम्ही बरेच मागे होतो. प्राचार्य दुसऱ्या टोकाला बसले होते. ते कोर्टाची लांबी-रुंदी नजरेने मोजत असल्यासारखं मला वाटलं.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. मी मान वळवली. थोड्या वेळाने ठेंगूने एक चेंडू हिकमतीने पळवून आणला. तीन जणांना चुकवत, डाव्या हाताने. म्हशीचं दूध वाया गेलं नव्हतं. त्याने तो नेमका बांबूच्या हातात ठेवला. आणि बांबू त्या वेळी बाहेर बसलेल्या कोणाकडे तरी बघत होता. चेंडू त्याच्या पंज्यांतून घसरून बाहेर गेला. ठेंगूची नजर एकदा बैलगाडीकडे गेली आणि त्याचा तोल सुटला.

"अबे हात हायेत का फावडे?"

माझ्या शेजारी ठेंगूच्या बापाने डोक्याचं फडकं काढून तोंडावर धरलं. "जवायाले असं बोलते का पोट्टा," तो फडक्याच्या आतून म्हणाला.

बांबू कड्याखालून निघाला, चालत कोर्टाच्या पार कोपऱ्यात गेला, हाताची घडी घातली आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मांडवात उभा होता अगदी तसाच. मागे खांब तेवढा नव्हता.

आणि ते दोन तगडे गडी त्याच्या मागोमाग गेले. त्यांना सांगितलेलंच होतं, वो कहीं भी जाए. ते त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मनवायला आले आहेत.

कड्याखाली कोणी नव्हतं. ठेंगू चेंडू घेऊन आला, इकडेतिकडे बघितलं, जावई जवळपास नाही म्हणून त्याने स्वतःच तो कड्यात टाकला. पुढच्या वेळी तेच. बांबू बचावालाही आला नाही, पण म्हणून ते दोघेही गेले नाहीत. खेळ चाललेला चौघांचा तिघांशी, आणि कोपऱ्यात तिघांची वेगळीच बैठक. नंतर कटंगीच्या पोराने मला सांगितलं, की त्यातल्या एकाने बांबूला विचारलं होतं, "क्या हुआ, भाई?" आणि बांबूने त्यांना लग्नापासून सगळं सांगितलं. ते दोघेही लग्न झालेले होते. "ये तो सरासर ग़लत बात है," असं त्यांनी त्याला सांगितलं. त्यांचे शिक्षक पलीकडून ओरडत होते, की एकाने तरी परत या; पण आमच्या पोरांचा गलका इतका होता, की त्यांना वाटलं असावं, आधीचीच सूचना पुन्हा चालली आहे.

आम्ही एकेक टोपली भरत त्यांच्या जवळ येत होतो. मला हळूहळू कळू लागलं, की आपण जबलपूरहून जी आक्रमणाची योजना आणली नाही, ती ही.

तेवढ्यात ठेंगूचा बाप उठला. फडकं डोक्याला नीट गुंडाळलं आणि मला म्हणाला, "चला गुर्जी."

"कुठं?"

"जवायाले मनवाले. एकट्यानं जाता येत नाई. तुमी चला संगं."

हा माणूस गेला, बांबू तिसऱ्या आग्रहाला वळला आणि कड्याखाली परतला, की ते दोघेही परतणार, आणि त्यांच्यामागून सायकल स्टँड. मी म्हटलं, मामाजी, खेळ संपू द्या. तो म्हणाला, "जवाई रुसून उभा हाये, अन् मी खेळ पाहत बसू? लोक काय म्हनतीन?" हेही बरोबर होतं. मला एकच सुचलं. मी खाली वाकलो आणि म्हणालो, येतो, जरा चप्पल सापडत नाही.

मग मी चप्पल शोधू लागलो. खुर्चीखाली शोधली, शेजारच्यांच्या खुर्च्यांखाली शोधली, लोकांना पाय उचलायला लावले. वाकल्या-वाकल्याच मी खेळ बघत होतो, त्यामुळे त्या सामन्याचे उत्तम क्षण मला बहुतेक गुडघ्यांच्या मधून आठवतात. ठेंगूचा बाप बाजूला उभा राहून शांतपणे वाट बघत होता. मधूनच म्हणायचा, "सापडली का?" मी म्हणायचो, "एक सापडली."

बरोबरी झाली. आणि अगदी शेवटी, समोरच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने स्वतः चालत जाऊन त्या दोघांना हाताने खुणावलं. दोघेही धावत परत आले, आणि पाचही जण ठेंगूभोवती जमले. चेंडू त्याच्याकडे, वाट कुठेच नाही. सगळ्या कोर्टावर मोकळा एकच माणूस होता. तो कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता.

ठेंगू वाकून त्यांच्यामधून निसटला, थेट कोपऱ्याकडे गेला. "चुकलं भाऊजी. घ्या जी."

चेंडू त्याने दोन्ही हातांनी दिला. बांबूने घडी सोडली, चेंडू घेतला आणि परत केला. "राहू दे," तो म्हणाला. पाचही जण वळून धावले. ठेंगू कड्याकडे एक पाऊल सरकला, म्हणाला, "घ्या ना जी," आणि पुन्हा दिला. बांबूने पुन्हा परत केला. "नाई, तूच टाक." ते पाच जण आता एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे असे फिरत होते, आग्रहात मधे पडलेल्या पाहुण्याची जी अवस्था होते ती त्यांची झाली होती. रीत माहीत असलेले आमच्याकडचे सगळे जण मात्र निश्चिंत होते. दोन नकार झाले होते. ठेंगूने तिसऱ्यांदा चेंडू पुढे केला. बांबूने तो घेतला, आणि जिथे उभा होता तिथूनच, उडी न मारता, टाकला.

कड्यावर तो एकदा फिरला. सागाचा खांब थरथरला. मग आत पडला.

मी उठून टाळ्या वाजवल्या. आधी कडं कोणतं ते बघून घेतलं होतं.

पोरांनी बांबूला उचलायचा प्रयत्न केला आणि केळवणांचा विचार करून सोडून दिला. ठेंगू कोणाबरोबर नाचला नाही. तो खांबाला पाठ टेकून खाली बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. प्राचार्य माझ्यापाशी आले, ही कोणती चाल होती असं त्यांनी विचारलं. मी गंभीरपणे म्हणालो, "सामने वाले का ध्यान बँटाना, सर." ते म्हणाले, बहुत अच्छे, स्टँड लेबॉरेटरी के पीछे बन जाएगा. आणि खरंच तिथेच झालं.

गर्दी पांगल्यावर ठेंगूचा बाप माझ्याकडे आला. "आता तं सापडली असन चप्पल?"

"सापडली, मामाजी."

"तुमच्या पायातच होती जी, गुर्जी. मी पहिल्यापासून पाहून राह्यलो."

मी म्हटलं, मग तुम्ही मला ओढून का नेलं नाही? त्याने खांबाशी बसलेल्या मुलाकडे बघितलं.

"कोठ्याले दुसरे खांब भेटतीन," तो म्हणाला. मग त्याने गाडीतलं सब्बल आणि दोर बाजूला सरकवले, तणस नीट पसरली आणि जावयाला मानाने वर बसवलं. ठेंगू मागून चालत गेला. जावई गाडीत असताना साळ्याने पाय ताणून बसायचं नसतं.

मी घरी आलो तो तरंगतच. जेवायला बसल्यावर बायकोला सगळा सामना सांगितला. वाट्या मांडून. सांगता सांगता माझा त्यातला वाटा थोडा वाढला. रुसव्याची चाल ही माझ्याच डोक्यात आधीपासून होती, असं काहीसं मी म्हणालो असेन. जावई रुसून बाजूला झाला की सामना कसा हमखास जिंकता येतो, हे मी तिला दोनदा समजावून दिलं. तिने कोपऱ्यातली बांबूची वाटी उचलली, तिच्यात वरण वाढलं आणि माझ्यापुढे ठेवली.

"अजी," ती म्हणाली, "लांजीले गेले का तुमी दर खेपेले रुसता. त्या हिशेबानं माह्या बाबाच्या घरी आतापर्यंत एक कपाट भरून जिंकलेले कप पायजे होते."